नंबर कायले सांगून राह्यले?

‘स्थळ’ हा चित्रपट कोणत्या वर्षाचा?

सोपा प्रश्न वाटतो. उत्तर देऊन बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथं त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या थिएटरांत तो लागला ७ मार्च २०२५ ला. मधे दीड वर्ष गेलं. चित्रपट घडतो चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, चित्रीकरण तिथंच, डोंगरगावात, आणि पडद्यावरची माणसंही बहुतेक तिथलीच. म्हणजे कॅनडातल्या प्रेक्षकानं सविता आणि तिच्या बापाचा कापूस २०२३ मध्ये पाहिला, आणि ज्याच्या शेतात तोच कापूस उभा आहे त्याला दीड वर्ष थांबावं लागलं.

आता २०२३ च्या ‘सर्वोत्तम दहा’ मराठी चित्रपटांच्या यादीत तो नसणार, कारण इथं लागलाच नव्हता. २०२४ च्या यादीतही नसणार, त्याच कारणानं. २०२५ च्या यादीत यायला हरकत नाही, पण मार्चमध्ये आठवडा-दोन आठवडे लागून गेलेला चित्रपट डिसेंबरात यादी करणाऱ्याला आठवायला तर हवा. महोत्सव पाहणाऱ्यांसाठी तो तोवर शिळा झालेला असतो आणि बाकीच्यांसाठी लागलेलाच नसतो.

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की तुमच्या-माझ्या फोनवर याद्यांचा पाऊस सुरू होतो. वर्षातले दहा उत्तम चित्रपट, चुकवू नयेत असे पंधरा, समीक्षकांनी निवडलेले पंचवीस. वर्ष संपायला अजून वीस दिवस असतात, दोन-तीन शुक्रवार बाकी असतात, पण निकाल लागलेला असतो. इतकी घाई तर आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही कुणी करत नाही. माझा विरोध चित्रपटांवर बोलण्याला नाही. भरपूर बोला, भांडा, रात्रभर भांडा. विरोध आहे तो नंबराला. जो माणूस अमुक चित्रपट पहिला आणि तमुक सातवा असं सांगतो, त्याला मी आमच्याकडच्या भाषेत एवढंच विचारतो, पिच्चर कसा हाये ते सांगा ना राजेहो, नंबर कायले सांगून राह्यले?

मी आलापल्लीत राहतो. नकाशा उघडला तर महाराष्ट्राच्या अगदी उजव्या टोकाला, खालच्या बाजूला सापडेल. इथल्या चौकातून एक रस्ता अहेरीला जातो, एक भामरागडला, एक सिरोंच्याला आणि एक आष्टीवरून चंद्रपूरला. प्राणहिता ओलांडली की तेलंगण. चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, माडिया आणि हिंदी कानावर पडते. मुलचेऱ्याकडून कुणी आलेला असेल तर बंगालीही. मोठ्या थिएटरात नवा चित्रपट पाहायचा तर चंद्रपूर, शंभरावर किलोमीटर, तेही लोहखनिजाच्या ट्रकांमागून धूळ खात. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ‘वर्ष’, ‘प्रदर्शित’, ‘उपलब्ध’ हे यादीवाल्यांचे लाडके शब्द इथं आले की कसे लटपटतात, ते दिसावं म्हणून सांगतो.

वर्षाचंच घ्या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वर्ष ठरतं सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेनं. चित्रपट थिएटरात लागलेला असायलाच हवा असं नाही. त्यामुळे काय होतं बघा. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ला २०१४ चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रानं तो पाहिला एप्रिलात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘कासव’ एप्रिल २०१७ मध्ये देशात पहिला आला आणि थिएटरात पोहोचला ऑक्टोबरात. ‘सैराट’चं उदाहरण तर सगळ्यांत गमतीचं. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो २०१५ च्या खात्यात, मार्च २०१६ च्या अखेरीस. चित्रपट लागला २९ एप्रिल २०१६ ला. ज्या चित्रपटानं पुढे गावागावांत लोकांना खुर्च्या सोडून नाचायला लावलं, त्याचा सरकारी निकाल तो लागायच्या महिनाभर आधीच लागून गेला होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरला ‘बाहुबली’चा पहिला भाग, सर्वोत्तम मराठी ठरला मकरंद मानेंचा ‘रिंगण’. ‘रिंगण’ चांगला चित्रपट आहे, माझी तक्रार नाही. पण २०१६ साल मराठी माणसाला कोणत्या चित्रपटानं आठवतं, हे आज कुणाला विचारायची गरज आहे का?

सांगायचा मुद्दा हा की पुरस्कार हा मागे वळून केलेला हिशेब असतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो आगाऊ असतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या वतीनं, ज्यांनी पाहिलं त्यांनी केलेला.

बरं, ज्यांनी पाहिलं त्यांनी तरी काय पाहिलं? तर जे दारातून आत आलं ते. राष्ट्रीय पुरस्कारासाठी निर्मात्यानं स्वतः अर्ज भरावा लागतो. टोरांटो किंवा सनडान्ससारख्या महोत्सवाला चित्रपट पाठवायचा तर डॉलरमध्ये फी भरावी लागते. समीक्षकाच्या यादीत यायचं तर आधी त्याच्या इमेलमध्ये यावं लागतं. पासवर्ड असलेली लिंक पाठवणारा कुणी पीआरवाला लागतो, आणि तो फुकट काम करत नाही. ऑस्करच्या मुख्य स्पर्धेत उतरायचं तर अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगरांपैकी एकीत सात दिवस चित्रपट चालवून दाखवावा लागतो. प्रत्येक दाराशी एक पावती फाडली जाते. ज्यांच्याकडे पावतीचे पैसे नाहीत ते शर्यतीत हरत नाहीत. ते धावलेच नाहीत, असं धरलं जातं.

आणि आत आल्यावरही पाहिलं जाईलच याची खात्री काय? एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं एक नवा नियम जाहीर केला. अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. परत वाचा. नियम २०२५ मध्ये झाला. पुरस्कार १९२९ पासून दिले जाताहेत. म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षं बहुतेक विभागांत न पाहता मत देणं नियमात बसत होतं! आणि आपण इकडे रात्र-रात्र वाद घालत होतो, की अमक्याचं ऑस्कर कसं हुकलं.

इथं मला आमच्या लाकूड डेपोची आठवण येते. आलापल्लीचं सागवान प्रसिद्ध आहे; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान गेलं. डेपोत ओंडका आला की त्याची लांबी मोजतात, गोलाई मोजतात, सरळ आहे की वाकडा, पोकळ आहे का, चिरलाय का ते पाहतात, शिक्का मारतात, मग थप्पी लावतात. लिलावाला आलेला व्यापारीही थप्पीभोवती फिरून हात लावून बघतो. प्रतवारी तिथंही आहे. पण न पाहिलेल्या ओंडक्याला प्रत देणारा माणूस तिथं एक दिवस टिकणार नाही. आणि एक गोष्ट डेपोतला कुठलाही माणूस करत नाही: ‘या वर्षीचा महाराष्ट्रातला सर्वोत्तम ओंडका’ जाहीर करत नाही. त्याला माहीत असतं, की आपण पाहिला तो आपला डेपो. जंगल मोठं आहे.

‘स्थळ’कडे परत येतो, कारण या सगळ्या प्रकरणावरचं सर्वांत चांगलं भाष्य त्या चित्रपटातच आहे, आणि मला वाटतं सोमलकरांना ते अभिप्रेतही नसेल. मुलगी बघायला पाहुणे येतात. पुरुष ओळीनं बसतात. मुलगी समोर येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घरांतल्या पाहुण्यांकडून, त्याच गंभीर चेहऱ्यांनी. पोहे खाल्ले जातात. मग निरोप येतो, किंवा येत नाही. उंची कमी पडली, रंग सावळा पडला. सविता काय वाचते, तिला पुढे काय करायचंय, हे त्या ओळीतल्या कुणाच्या गावीही नसतं. आणि चित्रपट सुरू होतो तोच हा डाव उलटा करून: बाया बघायला बसल्यात, मुलगा समोर आहे, प्रश्न तेच. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं, की मूर्खपणा प्रश्नांमध्ये नाही, ती बसण्याची रचनाच मूर्ख आहे. विचारणारे एका बाजूला, मोजली जाणारी दुसऱ्या बाजूला, आणि विचारणाऱ्यांना कुणी काही विचारायचं नाही.

ज्युरी ही अशीच एक बैठक आहे. तिच्यासमोर चित्रपट आणून बसवतात. ती विचारते: उंची किती? म्हणजे कुठल्या महोत्सवातून आला? रंग कोणता? म्हणजे ‘भारतीय’ दिसतो का? हे मी मनचं सांगत नाही. २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. त्याच वर्षी भारताकडून ऑस्करला कुठला चित्रपट पाठवायचा, हे ठरवायला फिल्म फेडरेशनची तेरा जणांची समिती बसली, तेराही पुरुष. त्यांनी ‘लापता लेडीज’ निवडला. हरकत नाही, तोही गोड चित्रपट आहे. पण फेडरेशनच्या अध्यक्षांनी कारण काय सांगितलं? समितीला हा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपियन चित्रपट पाहतोय असं वाटलं, अशा अर्थाचं. रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाणारी, मुंबईतलं घर हातचं गेलेली बाई, छाया कदमनं उभी केलेली, ती युरोपियन! आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या ‘साइट अँड साउंड’नं समीक्षकांचा कौल छापला, त्यात हाच चित्रपट वर्षातला पहिला. म्हणजे एकाच वर्षी, एकच चित्रपट, एका बैठकीत घराण्यात न बसणारा आणि दुसऱ्या बैठकीत लाखात एक. चित्रपटात तोवर एक फ्रेमही बदललेली नव्हती.

लंडनचा कौल आपल्या बाजूनं लागला म्हणून तो खरा मानायचा मोह होतो. तोही आवरा. हेच मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी ‘आजवरचे सर्वश्रेष्ठ चित्रपट’ असा कौल घेतं. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला होता. पाच कौल, चाळीस वर्षं. २०१२ ला ‘व्हर्टिगो’ वर आला. २०२२ ला शांताल आकेरमन यांचा १९७५ चा ‘जान दीलमन’ एकदम पहिला. दहा वर्षांपूर्वी तो तिशीच्या पलीकडे होता. मधल्या काळात काय बदललं? २०१२ ला साडेआठशेच्या आत लोकांनी मत दिलं होतं, २०२२ ला सोळाशेच्या वर. नवे लोक आले, बायका आल्या, युरोप-अमेरिकेबाहेरचे आले. बैठकीतली माणसं बदलली आणि आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट बदलला. यावर जुने लोक चिडले होते; मला उलट हा कौल त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. कारण तिथं प्रत्येक जण दहा नावं पाठवतो, त्याला क्रम नसतो, आणि कुणी कोणती दहा नावं पाठवली ते छापलं जातं. निदान कळतं तरी, की ओळीत कोण बसलं होतं.

आपल्याकडचा हिशेबही जरा उघडून बघू. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. शाळेपासून ही गोष्ट आपण अभिमानानं ऐकत आलो. त्याच वर्षी स्पर्धेत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. आज दोन्ही चित्रपट समोर ठेवा आणि छातीवर हात ठेवून सांगा. मला ‘श्यामची आई’त वनमालाबाई आवडतात, पण सावकाराच्या कर्जापायी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू महतो मला झोपू देत नाही. नंबर आपल्या पदरात पडला म्हणून त्याच्याबद्दल गप्प बसायचं आणि पडला नाही की अन्याय म्हणून ओरडायचं, हे चालणार नाही. गंमत अशी, की सत्तर वर्षांनी, २०२३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, सर्वोत्तम मराठी चित्रपट ठरला तो पुन्हा ‘श्यामची आई’च. सुजय डहाकेंचा. त्याच्या गुणदोषांवर इथं बोलत नाही. पण मराठी चित्रपटाकडून दिल्लीला काय ऐकायला आवडतं, याचा अंदाज बांधायला हरकत नसावी.

आता एक गट असा आहे, जो हे सगळं वाचून म्हणेल, “सोड रे, सगळं सेटिंग असतं.” त्यांच्याशीही माझं जमत नाही. सेटिंग म्हटलं की विषय संपतो, डोकं चालवायची गरज उरत नाही. कुठं तरी असेलही. पण मला वाटतं खरी अडचण सेटिंगपेक्षा अवघड आहे. माणसं बहुतेक प्रामाणिक असतात. त्यांनी आपल्यासमोर आलेलं पाहिलं, त्यातलं बरं निवडलं, आणि मग त्या निवडीला ‘वर्षातलं सर्वोत्तम’ असं नाव दिलं. खोटं त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. चोर पकडला की चोरी थांबते. इथं पकडायला चोरच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. पुरस्कार नसते तर ‘स्थळ’ तुझ्यापर्यंत आला असता का? नसता आला. टोरांटोचा शिक्का होता म्हणून बातम्या आल्या, सचिन पिळगावकरांसारखं नाव प्रस्तुतकर्ता म्हणून मागं उभं राहिलं, थिएटरं मिळाली. रोहन कानवडेंचा ‘सबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला नसता, तर दोन पुरुषांच्या प्रेमाची, एका खेड्यात सुतकाच्या दिवसांत घडणारी मराठी गोष्ट सप्टेंबरात थिएटरात कुणी लावली असती? हे सगळं मान्य. पुरस्कार हा गेटपास आहे आणि गरिबाला गेटपास लागतो. पण गेटपासला गुणपत्रिका म्हणू नका. ज्याला पास मिळाला त्याचा आनंद मानताना, फाटकाबाहेर किती जण उभे होते, हे मोजायचं कुणी बंद केलं, ते विचारा. आणि ज्या राज्यात मराठी चित्रपटाला चंद्रपूरहून टोरांटोमार्गे चंद्रपूरला यावं लागतं, त्या राज्यात पुरस्कारांचं कौतुक जरा बेतानं झालेलं बरं. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवायची सक्ती करायचं ठरवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला. ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही, तिथं ती मोक्याची वेळ कुठल्या घड्याळात पाहायची, हा प्रश्न त्या गदारोळात कुणालाच पडला नव्हता.

निवाड्याची दुसरी एक रीत मी जवळून पाहिली आहे. ती आदर्श आहे असं माझं म्हणणं नाही, पण ती आहे. झाडीपट्टी रंगभूमी. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली, की वडशाला नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत गर्दी होते. गावोगावची मंडळं येतात, नाटक ठरवतात, रक्कम ठरते, तारीख ठरते. मग होळीच्या आसपासपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. थंडीत, शालीत गुंडाळून, हजारो माणसं. इथं समीक्षक नाही. नाटक पडलं की लोक उठून चहाच्या टपरीवर जातात, आणि पुढच्या वर्षी ते मंडळ त्या कंपनीच्या दारात येत नाही. नाटक जमलं की शेजारच्या गावातून आलेला माणूस पहाटे तिथंच आपल्या गावाची तारीख मागतो. परशुराम खुणे अशा रात्रींतून वाढले. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाहिन्यांनी ‘कोण हे खुणे?’ अशा थाटात बातम्या दिल्या. आमच्याकडे तो प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

झाडीपट्टीचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. बुकिंगच्या मागं धावता धावता नाटकात रेकॉर्ड डान्स घुसला, विनोद खालच्या पातळीवर उतरला, आणि पोस्टरवर मुंबईच्या मालिकेतला एक चेहरा छापला की दर वाढतो. लोकांची टाळी म्हणजे देवाचा कौल नाही. पण तिथं एक गोष्ट पक्की आहे. निकाल देणारा रात्रभर समोर बसलेला असतो. न पाहिलेल्या नाटकावर त्याचं मत नसतं, आणि आपल्या गावाबाहेरच्या नाटकाला तो नंबरही देत नाही.

याच रंगभूमीवर तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ नावाचा चित्रपट केला. ३ जून २०२२ ला तो लागला. त्याच शुक्रवारी कमल हासनचा ‘विक्रम’, अक्षयकुमारचा ‘सम्राट पृथ्वीराज’ आणि ‘मेजर’ लागले होते. झाडीपट्टीचा चित्रपट, झाडीपट्टीची माणसं, आणि समोर हे तीन हत्ती. त्या डिसेंबरातल्या याद्या काढून बघा, तो किती ठिकाणी सापडतो ते. मी शोधायचा प्रयत्न केला आणि थकून सोडून दिला.

यात काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. यादीत नसला तर नसला. बिघडतं ते इथल्या एकोणीस वर्षांच्या पोराचं. त्याच्याकडे फोन आहे, कॅमेरा बरा आहे, तो रील करतो, आणि त्याला चित्रपट करायचाय. ‘चांगला सिनेमा’ म्हणजे काय, हे तो शोधतो तेव्हा त्याच्या हाती पडतात त्या याद्या. त्या वाचून तो दोन गोष्टी शिकतो. एक, आपल्या जंगलात जे घडतं ते बाहेरच्यानं येऊन केलं की सिनेमा होतो. हेमलकशावर, इथून साठेक किलोमीटरवर, नाना पाटेकरांना घेऊन चित्रपट होतो. अमित मसूरकरांचा ‘न्यूटन’ शेजारच्या दंडकारण्यातली निवडणूक दाखवतो आणि ऑस्करला जातो. दोन्ही पाहण्यासारखे, ‘न्यूटन’ तर मी चार वेळा पाहिलाय. पण दोन्हींत जंगलातला माणूस हा बहुतेक वेळ कुणा दुसऱ्याच्या गोष्टीतला रुग्ण किंवा मतदार असतो. दोन, आपली बोली हसवण्यासाठी असते. मग तो पोरगा पटकथा लिहायला बसतो आणि ‘कायले’ खोडून ‘कशाला’ लिहितो. परीक्षकाला मराठी येत नसेल तर त्याच्यापर्यंत दोन्हीचं सबटायटल एकच पोहोचतं. खोडल्यानं परीक्षकाचा काहीच फायदा झाला नाही. पोराचं मात्र पहिलं वाक्य गेलं. माडियात चित्रपट करू पाहणाऱ्या पोरीचं काय होत असेल, तिला तर यादीत आपल्या भाषेचा रकानाच दिसत नाही.

म्हणून यादी करणाऱ्यांकडे माझी मागणी आहे, आणि ती फार अवघड नाही. नंबर द्यायचाच असेल तर त्याच्या वर एक ओळ छापा: या वर्षी मी एवढे चित्रपट पाहिले, त्यातले एवढे थिएटरात, एवढे लिंकवर, एवढे अर्धे सोडले. त्याखाली ज्यांच्याबद्दल चांगलं ऐकलं पण पाहता आले नाहीत त्यांची नावं. आणि प्रत्येक चित्रपटापुढे तो कुठं पहिल्यांदा दाखवला गेला, राज्यात कधी लागला, आता कुठं पाहता येईल हे लिहा. एवढं केलं तर यादीतला निम्मा रुबाब आपोआप उतरेल, आणि उरलेली यादी खरंच उपयोगी पडेल. पुरस्कार देणाऱ्यांनी, किती अर्ज आले आणि कोणत्या जिल्ह्यांतून आले नाहीत, तेवढं जाहीर करावं. ओटीटीवाल्यांकडून काही मागत नाही. ‘आज भारतात टॉप १०’ ही त्यांची पट्टी म्हणजे दुकानदारानं स्वतःच्या मालावर लावलेली चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीशी भांडून उपयोग नसतो.

दुसऱ्यांना सांगतोय तर आधी मीच करतो. २०२५ मध्ये लागलेले मराठी चित्रपट मी पाहिले सात. थिएटरात दोन, दोन्ही चंद्रपूरला जाऊन. बाकी फोनवर, त्यातला एक तीन तुकड्यांत, कारण भामरागडच्या रस्त्याला लागलं की नेटवर्क जातं. ‘स्थळ’ डोक्यातून जात नाही. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर थक्क करतात, कथा उत्तरार्धात सैल होते. उरलेल्या पाचांपैकी दोन मी आजच विसरलो आहे. यांत पहिला-दुसरा करायचं कारण मला सापडलं नाही. ‘सबर बोंडं’ पाहायचा राहिला. तो चंद्रपूरला कधी लागला की लागलाच नाही, ते मला कळलं तोवर आठवडा उलटून गेला होता. त्याच्याबद्दल माझं मत नाही.